काचेतला समुद्र आणि त्याची खातेवही

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या दिवाणखान्यात समुद्र आला. दहावीला चांगले गुण मिळाले तर हवे ते माग, असे मी धाकट्या चिरंजीवांना बोलून बसलो होतो, आणि दिलेला शब्द मागे घेणे आमच्या पेढीच्या रीतीत बसत नाही. त्याने दुचाकी मागितली असती तर वयाचे कारण पुढे करता आले असते. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीला नकार देण्यासाठी मला कारण सुचले नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी, तळाशी पांढरी वाळू, मध्यभागी कृत्रिम खडकांची रचना आणि वर निळसर प्रकाश. पाणी भरून तीन दिवस झाले, गढूळपणा खाली बसला आणि टाकी अशी नितळ दिसू लागली की पाहुणे काचेला बोट लावून आत पाणी आहे ना, याची खात्री करून घेत.

पाचव्या दिवशी तीन मासे आणले. दोन नारिंगी-पांढरे क्लाउनफिश आणि एक निळा डॅम्सेल. आठव्या दिवशी निळा मासा खडकामागे आडवा पडलेला दिसला, आणि दहाव्या दिवशी एक क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. तो दुपारपर्यंतही टिकला नाही. पाणी तेव्हाही तितकेच नितळ होते. आमच्या घरात मुंगीवर पाय पडू नये म्हणून उंबऱ्यात थांबण्याची सवय आहे, आणि त्याच घरात आठवडाभरात दोन जीव आमच्या अज्ञानाने गेले. चिरंजीव दोन दिवस नीट जेवला नाही. मी दुकानदाराला दूरध्वनी केला, तेव्हा ‘सुरुवातीला असे होतेच’ असे उत्तर मिळाले. असे होतेच, हे त्यांना ठाऊक होते तर मासे विकण्यापूर्वी सांगायला हवे होते. पण विचारण्याची जबाबदारी माझीही होती. धान्याचा नमुना हातावर घेतल्याशिवाय मी पोत्याचा भाव बोलत नाही, आणि इथे जिवंत प्राण्यांचा सौदा डोळे मिटून केला.

आमच्या आळीत रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी पाण्याची चाचणी केली. परीक्षानळीतला रंग गडद हिरवा झाला. पाण्यात अमोनिया होता, लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम. हा आकडा शून्य असायला हवा.

मासा जे खातो त्यातील प्रथिनांचा शेवट अमोनियात होतो. मासा तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरतो आणि जिवाणू त्याचे रूपांतर करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये माशांना घातक, तिसरे पुष्कळ सौम्य. हे जिवाणू वाळूच्या कणांवर आणि खडकाच्या छिद्रांत वस्ती करतात, पण त्यांची वाढ सावकाश होते. नव्या टाकीत ही वस्ती पुरेशी होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या टाकीत पाचव्या दिवशी ती जवळजवळ नव्हतीच. त्यात खाऱ्या पाण्याचा पी.एच. आठच्या वर असतो. पी.एच. एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. त्यामुळे गोड्या पाण्यातील माशाने कदाचित सोसला असता तेवढा अमोनिया खाऱ्या पाण्यातील माशाच्या जिवावर उठतो. हे सर्व काचेबाहेरून दिसत नाही, कारण अमोनियाला रंग नसतो.

म्हणून टाकी प्रथम माशांविना चालवावी. चिमूटभर माशांचे खाद्य किंवा मोजके अमोनियम क्लोराइड टाकून जिवाणूंना अन्न द्यावे, दर दोन-तीन दिवसांनी चाचणी घ्यावी, आणि टाकलेला अमोनिया व त्यातून होणारे नायट्राइट ही दोन्ही एका दिवसात शून्यावर येऊ लागली म्हणजेच पहिला मासा आणावा. तोही एकच. जिवाणूंची बाटली ओतली की दुसऱ्या दिवशी मासे चालतात, असे सांगितले जाते. त्या बाटलीने वस्तीला हातभार लागत असेलही, पण परीक्षानळीत दिसल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवू नये. आमचा उरलेला एक क्लाउनफिश प्राध्यापकांच्या सल्ल्याने रोज थोडे पाणी बदलून कसाबसा वाचवला. तो आजही आहे.

मग मूळ पाण्याचा प्रश्न आला. काही नातेवाइकांनी सुचवले की कोल्हापूरहून रत्नागिरी काही फार दूर नाही, चार कॅन समुद्राचे पाणी आणावे. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, बंदराजवळ डिझेलचा अंश असतो, आणि पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी मिसळून खारटपणा बदलतो. तेव्हा तो विचार सोडला. घरीच मीठ घालून पाणी तयार करायचे ठरले. हे मीठ स्वयंपाकघरातले नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, कार्बोनेट अशी अनेक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असतात, आणि मत्स्यटाकीसाठी मिळणाऱ्या मिठात ती तशी मिसळलेली असतात. लिटरला सुमारे 37 ग्रॅम मीठ घातले की खारटपणा समुद्राइतका, म्हणजे हजारी 35, होतो. आमच्या टाकीची बाहेरून मोजलेली क्षमता 190 लिटर भरते, पण वाळू, खडक आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी 160 लिटरच मावते. पुढे कोणतेही द्रव्य घालताना हा निव्वळ आकडा धरावा, ठोक नव्हे. मीठ वेगळ्या बादलीत पंपाने ढवळत एक दिवस ठेवावे, मगच ते पाणी टाकीत घालावे. खारटपणा मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर हे साधनही वजनकाट्याप्रमाणे अधूनमधून तपासून घ्यावे लागते. त्यासाठी हजारी 35 चा प्रमाणित द्राव मिळतो. आमचे साधन दोनाने कमी दाखवत होते, हे दोन महिन्यांनी कळले.

मीठ चांगले घेतले, पण ज्यात घालायचे ते पाणी? आम्ही स्वयंपाकघरातील आर.ओ. यंत्राचे पाणी वापरले आणि निश्चिंत झालो. प्राध्यापकांनी विरघळलेले क्षार मोजणारी छोटी कांडी त्यात बुडवली, तर आकडा 70 आला. घरगुती यंत्रे पाण्याला चव राहावी म्हणून त्यात थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळतात. माणसासाठी ते योग्यच आहे. प्रवाळाच्या टाकीसाठी मात्र त्या 70 मध्ये नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांपैकी काय दडले आहे, ते सांगता येत नाही. यावर उपाय असा की टाकीपुरते पाणी मिश्रणापूर्वी वेगळे काढावे आणि ते डी.आय. नावाच्या राळेच्या नळकांड्यातून न्यावे. आता आमचा आकडा शून्य येतो. राळ संपत आली की तो आकडा चढू लागतो, तेव्हा ती बदलतो. आर.ओ. यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते, हे आमच्या घरातील ज्येष्ठांना सहन होईना. ते पाणी आता फरशी पुसण्यास आणि गाडी धुण्यास जाते.

याच पाण्याने एक अनर्थ घडवला, आणि तो आमच्यासारख्या घरातच घडू शकतो. आईने हे शुद्ध पाणी मोठ्या मायेने तांब्याच्या हंड्यात साठवले. पिण्याच्या पाण्यासाठी ती रीत पिढ्यांची आहे. पण क्षारविरहित पाणी धातूला फार लवकर खाते आणि तांबे गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ अशा अपृष्ठवंशी जीवांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. शेवाळ खाण्यासाठी आणलेल्या सहा गोगलगायी आठवडाभरात काचेवरून गळून वाळूत पडल्या. मासा मात्र ठणठणीत होता, म्हणून कारण शोधण्यास वेळ लागला. साठवणीसाठी खाद्यपदार्थांच्या प्रतीचा प्लास्टिकचा कॅनच वापरावा. पितळी नळ, तांब्याचे भांडे, आणि तांबे असलेले माशांचे औषध टाकीजवळ फिरकूही देऊ नये. आईला हे सांगताना मला शब्द सापडत नव्हते. तिनेच विचारले, ‘म्हणजे माझ्या हंड्यानं मेल्या का रे त्या?’

नंतरचे दोन महिने बरे गेले. पौषात मात्र खडकांवर हिरवे केस उगवू लागले. केसाळ शेवाळ ते. आज उपटावे तर आठवड्याने दुप्पट. तोवर आम्ही दोन मऊ प्रवाळ ठेवले होते. त्यांच्या कडांवर ते चढले आणि प्रवाळ मिटून बसू लागले. नायट्रेटची चाचणी घेतली, तर लिटरमागे 80 मिलिग्रॅम. अशा टाकीत ते पाच ते दहाच्या आसपास असावे. आश्चर्य असे की दर रविवारी न चुकता दहा टक्के पाणी आम्ही बदलत होतो.

प्राध्यापकांनी चहाचा कप बाजूला ठेवून माझ्याकडे कागद-पेन्सिल मागितली. ‘शेठ, तुम्ही हिशेबातले. ही टाकी म्हणजे खातेवही समजा,’ असे म्हणून त्यांनी मांडणी केली. समजा, दर आठवड्याला खाद्यातून नायट्रेट आठाने वाढते. रविवारी दहा टक्के पाणी बदलले म्हणजे असलेल्या नायट्रेटचा दहावा हिस्सा गेला. आकडा 20 असताना दोन जातात आणि आठ येतात, तेव्हा बाकी वाढते. 50 असताना पाच जातात, आठ येतात, तरी वाढतेच. वाढता वाढता ती 80 वर पोहोचते, तेव्हा आठ जातात आणि आठ येतात, आणि आकडा तिथे थांबतो. शनिवारी 80, रविवारी 72, पुढच्या शनिवारी पुन्हा 80. जन्मभर पाणी बदलले तरी बाकी तीच. आमच्या वहीतले आकडे त्यांनी पाहिलेही नव्हते, आणि नेमके तेच आकडे कागदावर उतरले.

आता जमेची बाजू निम्मी करा, म्हणजे आठवड्याला चार. तेवढ्याच पाणीबदलात बाकी 40 वर येऊन थांबेल. पाणीबदलही दहाऐवजी वीस टक्के केला तर 20 वर. आवक आणखी निम्म्याने घटवली तर 10 वर. माझ्या ध्यानात आले ते असे, की इतके दिवस आम्ही नावेची बाजू वाढवण्याच्याच खटपटीत होतो. नवा गाळणसंच, नवा पंप, नवी औषधी बाटली. आवक कोणी तपासलीच नव्हती.

दिवसातून एकदा, चिमटीत मावेल इतके खाद्य चिरंजीव घालत असे. एक मासा, नंतर आलेला दुसरा, आणि एक कोळंबी. एवढ्यांकडून आठवड्याला आठ कसे होणार? उत्तर चार दिवसांनी सापडले. पहाटे साडेपाचला मी पाणी प्यायला उठलो, तर आई टाकीपाशी उभी होती आणि डबीतून भरभर दाणे सोडत होती. तिचा नेम असा की सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी, परसात मुंग्यांना साखर-पीठ, आणि मगच स्वतःचे तोंड धुणे. मासे तिला पाहून काचेपाशी धावत येत. ते भुकेले आहेत, असे तिला वाटे. दुपारी पुन्हा एकदा, आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वी आठवणीने, कारण रात्री त्यांना कोण घालणार? त्यांतील निम्मे दाणे खडकांच्या फटींत जाऊन कुजत होते.

अन्नपाण्याचा निरोध हा अहिंसाव्रतातील अतिचार म्हणून तिने लहानपणी पाठ केलेला. तेव्हा ‘खाद्य निम्मे करा’ हे तिच्या कानाला कसे लागले असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे. तिला नायट्रेट समजावून उपयोग नव्हता. चिरंजीवाने निराळी युक्ती केली. त्याने काचेच्या दोन वाट्या घेतल्या. एकीत त्या दिवसाचे ठरलेले दाणे, दुसरीत तिने आदल्या दिवशी सोडलेले, फटींतून नळीने ओढून काढलेले कुजके दाणे. दुसऱ्या वाटीचा वास घेऊन तिने ती लगेच खाली ठेवली. ‘हे त्यांच्या ताटातच पडून राहतं होय?’ एवढेच म्हणाली. मासा माणसाकडे धावतो ते भुकेपेक्षा सवयीने, आणि तो थंड रक्ताचा असल्याने शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही, हेही चिरंजीवाने सांगितले. दोन मिनिटांत संपेल तेवढेच खाद्य, हा नियम तेव्हापासून ठरला. डबी आता आईच्याच कपाटात असते, आणि रोजची वाटी मोजून तीच भरते. तिने भरलेली वाटी चिरंजीवाच्या चिमटीपेक्षाही लहान निघाली.

जमेची बाजू आटोक्यात आल्यावर नावेच्या बाजूची साधने खऱ्या अर्थाने कामाला आली. त्यांत मला स्किमर सर्वांत आवडतो, कारण तो पाहून मला गुऱ्हाळ आठवते. काहिलीत रस उकळताना भेंडीच्या रोपांचा चिकट रस घालतात, मळी फेसासह वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. मळी वेळीच निघाली नाही तर गूळ काळा पडतो. स्किमरमध्ये उष्णतेऐवजी हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात. प्रथिने व तेलकट द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, फेस होऊन नळीतून वर चढतात आणि वरच्या पेल्यात काळपट पाणी होऊन साचतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून हे साधते, गोड्या पाण्यात फारसे साधत नाही. याचे महत्त्व असे की कचऱ्याचा अमोनिया होण्यापूर्वीच तो बाहेर पडतो. एकदा झालेले नायट्रेट मात्र स्किमर काढू शकत नाही. त्याच्या नळीला आतून ओशट थर बसला की फेस चढत नाही, म्हणून ती दर तीन-चार दिवसांनी पुसावी. आम्ही दोन महिने ती पुसलीच नव्हती, आणि पेला रिकामा दिसतो म्हणजे पाणी शुद्ध, असा सोयीस्कर अर्थ लावला होता.

पाणी एकदम बदलून आकडा पाडण्याचा मोह आवरावा. नवे पाणी त्याच तापमानाचे, त्याच खारटपणाचे असावे, आणि एका वेळी पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. बदलताना नळीचे तोंड वाळूवर आणि खडकांच्या फटींवर फिरवावे, कारण वरचे स्वच्छ पाणी उपसून तळाचा कचरा तसाच ठेवण्यात काही हशील नाही. शेवाळ हाताने उपटून बाहेर टाकणे हादेखील नावेवर टाकलेला खर्चच आहे, कारण त्याने शोषलेले नायट्रेट आणि फॉस्फेट त्याच्यासह बाहेर जाते. याचमुळे शेवाळाने भरलेल्या टाकीत कधी कधी चाचणी फसवी येते. पाण्यात नायट्रेट कमी दिसते, आणि ते सारे खडकावर हिरवे होऊन बसलेले असते.

फॉस्फेटने आम्हाला अधिक छळले. पाणी बदलले की तो खाली जाई आणि दोन दिवसांत होता तिथे येई. खाद्य तर कमी केले होते. मग ही आवक कुठली? ती जुनी उधारी होती. चुनखडीच्या जातीचा खडक फॉस्फेट शोषून ठेवतो आणि पाण्यातला कमी झाला की हळूहळू परत सोडतो. तीन महिने आम्ही आधीच्या उधळेपणाचे हप्ते फेडत होतो. लोहयुक्त दाण्यांची एक पुरचुंडी फॉस्फेट धरून ठेवते, तीही वापरली, पण थोडथोडी. उत्साहाच्या भरात चिरंजीवाने ती एकदा दुप्पट घातली आणि नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणली, तर प्रवाळांचा रंग उडाला आणि वाळूवर बुडबुडेदार तपकिरी बुळबुळीत थर पसरला. प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही अल्पशा पोषणाची गरज असते. बाकी शून्य म्हणजे पेढी बंद, असे मी त्याला म्हटले.

उन्हाळ्याने निराळी परीक्षा घेतली. प्रवाळांना 25 ते 27 अंश तापमान मानवते, आणि आमचा दिवाणखाना एप्रिलच्या दुपारी सहज 33 वर जातो. पाणी थंड करणारे यंत्र महाग आहे. आम्ही पाण्याच्या पृष्ठभागावर दोन लहान पंखे लावले, त्याने बाष्पीभवन वाढून दोन-तीन अंश उतार मिळतो, आणि दुपारी खिडकीवर वाळ्याचा पडदा सोडला. उरलेले काम वातानुकूलन यंत्राने केले. पण पंख्यामुळे रोज तीन लिटरपर्यंत पाणी उडू लागले. उडते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. 160 लिटरमधून आठ लिटर उडाले की खारटपणा 35 वरून जवळपास 37 वर जातो. म्हणून भर घालायची ती खाऱ्या पाण्याची नव्हे, शुद्ध गोड्या पाण्याची, आणि रोज. उन्हाळी सुटीत आम्ही चार दिवस यात्रेला गेलो, तेव्हा शेजारच्या मुलाने मोठ्या जबाबदारीने मीठ घातलेले पाणी भरले. चूक त्याची नव्हती. कॅनवर चिठ्ठी लावलेली नव्हती.

आपल्या घरांत आणखी काही गोष्टी जपायच्या. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतो, तेव्हा टाकीच्या खोलीत उदबत्तीचा धूर, डासांची वडी किंवा सुगंधी फवारा नको. डास मारणारी द्रव्ये माशांना आणि कोळंबीला अतिशय विषारी असतात. हाताला तेल, गंध किंवा साबण असताना पाण्यात हात घालू नये. सणासुदीला दारे-खिडक्या बंद करून चाळीस माणसे एका खोलीत बसली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून पाण्याचा पी.एच. उतरतो. आमच्याकडे दिवाळीला तो 7.8 झाला होता. औषध नको, खिडकी उघडावी. क्षारता आठ-नऊ अंशांवर आणि कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम असावे. मऊ प्रवाळांच्या लहान टाकीत नियमित पाणीबदलानेच ते राहते, म्हणून चाचणीशिवाय बाटल्या ओतू नयेत. आणि काढलेले खारे पाणी झाडांना घालू नये. ऊसपट्ट्यात जमीन क्षारपड होणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

प्रवाळ आणण्यापूर्वी कायदा पाहावा. आपल्याकडे कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे प्रवाळभिंती आहेत, मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. भिंती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आले. समुद्रघोडेही त्यातच. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ म्हणजेही प्रवाळांचे सांगाडेच, म्हणून आम्ही कृत्रिम खडक घेतला. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतील परदेशी जातींसाठी 2024 च्या नियमांनुसार शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. विक्रेता पावती आणि मूळ स्थान लिहून देत नसेल तर तिथून उठावे. मासा घ्यावा तो टाकीत जन्मलेलाच. क्लाउनफिशचे प्रजनन आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने टाकीत यशस्वी केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, ती लपवत नाही. माशांच्या दाण्यांच्या डबीमागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, आणि त्यांत बहुधा पहिला घटक मासळीचे पीठ हाच असतो. क्लाउनफिश शेवाळही खातो, पण निव्वळ वनस्पतीजन्य अन्नावर त्याची प्रकृती टिकत नाही. हे वाचल्यावर त्या रात्री आमच्या घरी बराच वेळ बोलणे झाले. पाळलेला जीव सोडून देता येत नाही, कारण रंकाळ्यात तो तासाभरात मरेल, आणि समुद्रात सोडणेही त्याच्या हिताचे नाही. त्याचे अन्न तोडणे तर नाहीच. ठरले ते असे, की आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळायचे आणि नवा मासा आणायचा नाही. क्लाउनफिश नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो, तेव्हा हा लहान करार नव्हे. मऊ प्रवाळ प्रामुख्याने प्रकाशावर जगतात, त्यांना खाद्य घालावे लागत नाही. ज्या घरांना टाकीचा छंद हवा पण हे पीठ घरात नको, त्यांनी केवळ प्रवाळांची टाकी ठेवण्याचा विचार करावा, किंवा मुळात ठेवूच नये. ‘आमचे ठरले नसते तर बरे झाले असते’ असे माझे मत आहे. चिरंजीवाचे तसे नाही, आणि या विषयात त्याचा अभ्यास माझ्याहून अधिक आहे.

गेल्या शनिवारचे आकडे असे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 8, फॉस्फेट 0.06, खारटपणा 35, तापमान 26. ते लाल कापडी बांधणीच्या वहीत आहेत. ही वही मी पेढीवरून आणून दिली होती. डावीकडे आठवड्याचे खाद्य, उजवीकडे बदललेले पाणी, उपटलेले शेवाळ आणि स्किमरच्या पेल्यातला काळा ऐवज. डावीकडचा स्तंभ आईच्या अक्षरात आहे. परवा त्यात बुधवारच्या रकान्यात तिने वाट्यांचा आकडा लिहिलेला नव्हता. मी विचारले, तर म्हणाली, ‘मंगळवारचा दाणा वाळूवर दिसत होता. तो संपेतो घातला नाही.’